आधी धूळ, मग शाई

1623 सालच्या उत्तरार्धात पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा रोमचा एक उमराव पोर्तुगीज वकिलाच्या लवाजम्याबरोबर गोव्याहून निघून इक्केरीला गेला. इक्केरी ही केळदीच्या नायकांची राजधानी, आजच्या शिमोगा जिल्ह्यातली. देल्ला व्हाल्ले चौकस माणूस होता. दिसेल ते टिपून ठेवायचे आणि सविस्तर पत्रांतून मित्राला कळवायचे, ही त्याची सवय. त्या नोव्हेंबरातल्या पत्रात त्याने वाटेवरच्या एका देवळाच्या ओसरीतली हकिकत लिहिली आहे. चार लहान मुले अंकगणिताचा धडा एका सुरात गात होती आणि गाता गाता तोच धडा बोटाने जमिनीवर लिहीत होती. अक्षर उमटावे म्हणून फरशीवर बारीक वाळू पसरलेली. जागा भरली की पुसायची, नवी वाळू टाकायची, पुढे चालायचे. जवळ गुरुजी नव्हते. चुकलात तर सुधारतो कोण, असे त्याने विचारले. एकाच जागी चौघेही चुकतील असे होत नाही, एक अडला की बाकीचे सांगतात, असे उत्तर मुलांनी दिले. पाहुण्याला ते पटले.

ही हकिकत पुष्कळदा ‘आमची जुनी शिक्षणपद्धती किती थोर’ हे सांगण्यासाठी वापरली जाते. तो मोह बाजूला ठेवला तर तिच्यातली दुसरी एक गोष्ट दिसते. वाळू हे शिक्षणाचे साधन आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर तंत्रज्ञान आहे. तंत्रज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर विजेवर चालणारी वस्तू येते. पण धूळपाटी, दगडी पाटी, बोरू, छापील अंकलिपी ही सगळी आपापल्या काळातली तंत्रेच होती. लहान मुलाच्या हाती त्यांतले कोणते कधी द्यायचे, हा प्रश्न टॅब आणि मोबाइलमुळे नव्याने निर्माण झालेला नाही. मुंबई इलाख्यात तो दोनशे वर्षांपूर्वी सरकारदरबारी चर्चिला गेला आणि त्या वेळी घेतलेल्या काही निर्णयांचा माग आजच्या निर्णयांपर्यंत लावता येतो.

आधी आपल्याकडची जुनी रीत पाहू. पंतोजींच्या शाळेत मूल साधारण पाच-सहा वर्षांचे असताना येई. पहिले साधन धूळ. लाकडी फळीवर लाल माती किंवा विटेची पूड पसरायची, पंतोजींनी किंवा मोठ्या मुलाने त्यात अक्षर काढून द्यायचे आणि धाकट्याने ते गिरवायचे. फळी हलवली की अक्षर गेले, पाटी कोरी. बोटाचे वळण बसले की काडी. काडी स्थिरावली, मुळाक्षरे, बाराखडी, अंक आणि पाढे झाले, की कित्ता. त्यानंतर बोरू, शाई आणि कागद. कागदावरची मोडी ही शेवटची पायरी, कारण तिथून पुढे कुळकर्ण्याच्या दप्तराचे किंवा सावकाराच्या चोपडीचे काम सुरू व्हायचे. भाषेने हा क्रम जपून ठेवला आहे. ‘धुळाक्षरे गिरवणे’ म्हणजे आरंभ, ‘कित्ता गिरवणे’ म्हणजे दुसऱ्याच्या वळणाने जाणे. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक सबंध समास लिहिला आहे. त्यात शाई, लेखण्या, कागद, अक्षराची गोलाई, ओळींमधले अंतर यांचा विचार आहे. पण तो हात बसलेल्या माणसासाठी आहे. त्याच्या अलीकडे धुळीची दोन-तीन वर्षे गृहीत धरलेली आहेत.

या क्रमामागे कुणी बसून बालमानसशास्त्राचा विचार केला होता, असे मला वाटत नाही. कारण साधे होते: कागद महाग, धूळ फुकट. ज्याच्या हातून सर्वांत जास्त चुका होणार, त्याच्या हाती सर्वांत स्वस्त वस्तू जाई. परंतु या काटकसरीतून एक शहाणपण आपसूक साधले गेले. धुळीत चूक राहत नाही. तिथे बोटाला पकड लागत नाही, दाब लागत नाही. अक्षराचा आकार खांद्यापासून बोटापर्यंत सबंध हातात उतरतो. आणि पुढच्या साधनाकडे जायचे ते वय झाले म्हणून जायचे नसते, हात तयार झाला म्हणून जायचे असते. एका ओसरीवर एक मूल धुळीत, दुसरे काडीवर आणि तिसरे कागदावर असे चित्र नेहमीचे होते. वर्ग नव्हते, म्हणून मागे पडण्याचा प्रश्नही आजच्यासारखा नव्हता.

अर्थात ती ओसरी सर्वांची नव्हती. धूळ फुकट होती म्हणून ती सगळ्यांना मिळाली असे मुळीच झाले नाही. मुलींना, अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना, बहुतेक कुणब्यांच्या मुलांना तिथे जागा नव्हती. आणि ज्यांना होती त्यांच्या पाठीवर पंतोजींच्या छडीचे वळही होते. साधन कितीही स्वस्त असले तरी ते कुणापुढे ठेवायचे हे साधन ठरवत नाही. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

या धुळीने 1790 च्या दशकात एक लांबचा प्रवास केला. मद्रासच्या एग्मोर भागात कंपनीच्या सैनिकांच्या मुलांसाठी अनाथाश्रम होता आणि अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री त्याचा प्रमुख होता. एके दिवशी घोड्यावरून जाताना त्याने एका ‘मलबारी’ शाळेत मुलांना वाळूत बोटाने लिहिताना पाहिले. (त्या काळचे इंग्रज तमिळ लोकांनाही सर्रास मलबारी म्हणत, त्यामुळे ती शाळा मद्रासच्याच आसपासची असणार.) आपल्याकडच्या सर्वांत लहान मुलांनाही असेच शिकवावे, असे बेलने ठरवले. आश्रमातल्या पगारी शिक्षकांनी ते मनावर घेतले नाही. जमणार नाही, असे सांगून मोकळे झाले. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला अक्षरओळखीच्या वर्गावर नेमले. फ्रिस्किनने ते करून दाखवले. मग वरच्या वर्गांवरही मुलेच शिक्षक झाली. 1797 साली बेलने लंडनमध्ये या प्रयोगावर पुस्तिका छापली. त्याच सुमारास जोसेफ लँकास्टर लंडनच्या बरो रोडवर गरीब मुलांची शाळा चालवत होता. त्याच्या शाळांमध्ये धाकट्यांसाठी वाळूची मेजे होती, वरच्या मुलांसाठी दगडी पाट्या. एक छापील तक्ता भिंतीवर टांगून साऱ्या वर्गाने वाचायचा. शेकडो मुले, एक शिक्षक, बाकी सगळे मॉनिटर. गिरण्यांच्या इंग्लंडला ही पद्धत फार आवडली, कारण ती स्वस्त होती.

बेलने मद्रासहून दोन गोष्टी नेल्या: वाळू आणि मुलाने मुलाला शिकवणे. तिथल्या ओसरीवर या गोष्टी सुट्या नव्हत्या. देल्ला व्हाल्लेला भेटलेली ती चार मुले एकमेकांची चूक सुधारत होती, एकमेकांवर हुकूम सोडत नव्हती. लंडनमध्ये त्याची कवायत झाली: ‘पाट्या दाखवा’ म्हटले की शंभर पाट्या एकदम वर.

आता मुंबईकडे येऊ. पेशवाई बुडाल्यावर नव्या मुलखात शाळा काढण्याचे काम एल्फिन्स्टनच्या प्रोत्साहनाने मुंबईतल्या शाळा-पुस्तक मंडळीने अंगावर घेतले. हीच संस्था पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली गेली आणि कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचे चिटणीस होते. देशी शाळांची स्थिती तपासण्यासाठी नेमलेल्या समितीने 1823 साली अहवाल दिला. देशी शिक्षणातल्या उणिवा तिने क्रमाने मांडल्या: पहिली पुस्तकांची, दुसरी सोप्या शिक्षणपद्धतीची, तिसरी योग्य शिक्षकांची, चौथी पैशाची. दुसऱ्या उणिवेवर उपाय म्हणून लँकास्टरची पद्धत आली. म्हणजे मद्रासजवळच्या एका ओसरीवरून निघालेली रीत लंडनचा शिक्का घेऊन, सुधारणा म्हणून, पुणे आणि रत्नागिरीच्या पंतोजींना शिकवायला परत आली. इतिहासात असे विनोद वारंवार घडतात. हा त्यांतला बरा विनोद आहे.

विनोदापेक्षा महत्त्वाचा आहे तो त्या यादीतला क्रम. पुस्तक पहिले, शिक्षक तिसरा. समितीला दोष देण्याचे कारण नाही. मराठीत छापील पाठ्यपुस्तके जवळजवळ नव्हतीच, आणि सोसायटीने ती करून दिली म्हणून मराठी गद्याचा पाया पडला. सदाशिव काशीनाथ छत्र्यांचे ‘बाळमित्र’ याच खटपटीतून आले. पण ‘वस्तू पुरवा, पद्धत बसवा, शिक्षक त्या मापाने तयार होईल’ ही विचाराची सवयही तेव्हाच लागली. लहान मुलांच्या शिक्षणाबद्दलचा आपला सरकारी विचार त्यानंतर दर वेळी नव्या वस्तूपासून सुरू झाल्याचे दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दगडी पाटी घरोघर आली आणि धूळपाटी हळूहळू मागे पडली. पाटीचे गुण मोठे: ती टिकते, दप्तरात मावते, पुसता येते. थुंकी लावून पुसण्याच्या सवयीबद्दल मास्तर रागावत, तरी पिढ्यान्‌पिढ्या तीच रीत चालली. दसऱ्याच्या पाटीपूजनात एकाच्या आकड्यांनी काढलेली सरस्वती मिरवू लागली, इतकी ती आपली झाली. मात्र दोन गोष्टी बदलल्या. पाटी आणि पेन्सिल विकत घ्यावी लागे, म्हणजे शाळेत जाण्याआधी एक खरेदी आली. आणि बोटाची पायरी गळली. आता बिगरीतल्या मुलाच्या हातात पहिल्या दिवसापासून पातळ, कडक, करकरणारी पेन्सिल. ज्याच्या बोटांना पकड नाही त्याचे अक्षर वेडेवाकडे आले की तो ‘ढ’ ठरू लागला. वर्गात सगळ्यांच्या हाती एकाच दिवशी एकच साधन असल्यावर असे होणारच.

1823 च्या यादीला खरे उत्तर 1882 साली मिळाले. हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले त्यात बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच निवेदनात शिक्षकाबद्दल जे आहे ते कमी वाचले जाते. शिक्षक शिकवून तयार केलेले असावेत. शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, गरज पडली तर नांगराची मूठ धरायला लाजणार नाहीत असे असावेत. त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा. मोडी, बालबोध, हिशेब, शेतीची माहिती हे विषय त्यांनी सांगितले. पण भर साधनांच्या खरेदीवर नाही, साधन ज्याच्या हातून मुलापर्यंत पोहोचते त्या माणसावर आहे. ज्या समाजाला ओसरीवर बसू दिले नव्हते त्याच्या बाजूने बोलणारा माणूस धूळ की पाटी या वादात न पडता, शिकवणारा कोण, हे विचारतो, यात नवल नाही.

गळलेली बोटाची पायरी विसाव्या शतकात भलत्याच दाराने परत आली. मारिया माँटेसरींनी 1907 साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह उघडले. पेन्सिल देण्याआधी त्या मुलांना खरकागदाची अक्षरे देत आणि दोन बोटांनी त्यांवरून वळण फिरवायला सांगत. लाकडी ठोकळ्यांच्या लहान मुठी तीन बोटांनी उचलता उचलता पेन्सिलीची पकड आधीच तयार होई. याचा आपल्या धूळपाटीशी संबंध नाही. माँटेसरींनी हे ईतार आणि सेगँ या फ्रेंच वैद्यांच्या कामावरून विकसित केले. तरी गोष्ट तीच होती: आधी हात, मग साधन. गिजुभाई बधेका यांनी भावनगरला 1920 साली बालमंदिर काढले तेव्हा ही साधने गुजरातेत आली, आणि तिथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांमार्फत महाराष्ट्रात.

ताराबाईंपुढचा प्रश्न आजच्या प्रश्नाच्या फार जवळचा आहे. माँटेसरींची साधने सुबक, मापात बसवलेली आणि महाग. शहरातल्या सुखवस्तू घरांच्या बालमंदिरात ती शोभत. 1945 साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेले. तिथे ही पेटी घेऊन जायचे तर कुठून आणि कशाला? त्यांनी पेटीमागचा विचार ठेवला आणि पेटी सोडली. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, माती यांतून मोजणे, लावणे, जुळवणे, फरक ओळखणे सुरू झाले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून आला. गुरे वळणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली. 1975 साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा हा शब्द देशभर गेला. शब्दाबरोबर ती दृष्टी किती गेली, हे अंगणवाडीताईंना मिळणाऱ्या मानधनाकडे पाहून ज्याने त्याने ठरवावे.

यानंतर वस्तू झपाट्याने बदलत गेल्या. 1984 साली पुण्यात बालचित्रवाणी स्थापन झाली आणि शैक्षणिक चित्रफिती दूरदर्शनवरून येऊ लागल्या. 2017 साली ती बंद पडली. त्याच दशकात केंद्राच्या योजनेतून काही शाळांत बीबीसी बनावटीचे संगणक आले, पण ते मोठ्या मुलांसाठी. लहान मुलापर्यंत संगणक नेण्याचा खरा आग्रह धरला तो अमेरिकेतल्या निकोलस निग्रोपॉन्टी यांनी. प्रत्येक मुलाला शंभर डॉलरचा लॅपटॉप, वय सहा ते बारा, ही त्यांची घोषणा. 2006 साली भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने या योजनेला नकार दिला. आम्हाला वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज अधिक निकडीची आहे, असे कारण दिले. आपल्या सरकारी इतिहासात शिक्षक यादीत वर आल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. तरीही 2007 साली रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या खैराट या लहानशा वस्तीतल्या शाळेत प्रयोग झालाच. मुले बावीस, पहिली ते चौथी एकत्र. हिरवे-पांढरे लॅपटॉप बावीस.

खैराटची छायाचित्रे तेव्हा बरीच गाजली. मुले आनंदात दिसतात आणि त्या आनंदाबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. पण बावीस मुलांवरून फार काही सिद्ध होत नाही. मोठा पुरावा पेरूमधून आला. तिथे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले गेले. 319 ग्रामीण शाळांचा अभ्यास करून आंतर-अमेरिकी विकास बँकेने 2012 साली निष्कर्ष काढला, की मुलांच्या गणितात आणि भाषेत फरक पडला नाही. वस्तू पोहोचली होती. तिच्याबरोबर पायऱ्या पोहोचल्या नव्हत्या, आणि त्या बसवून देणारा माणूसही.

सुगत मित्रांचा ‘भिंतीतले भोक’ हा प्रयोग याच्या उलट टोकाचा म्हणून सांगितला जातो. 1999 साली दिल्लीच्या कालकाजी भागात त्यांनी भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतली मुले एकमेकांना सांगत तो चालवायला शिकली. इक्केरीच्या वाटेवरची चार मुलेच जणू. पण त्या चौघांना धडा पाठ होता, सूर ठाऊक होता. गुरुजी त्या वेळी नव्हते, म्हणजे कधीच नव्हते असे नाही. ‘शिक्षकाविना शिक्षण’ या आकर्षक शब्दांखाली हा फरक झाकला जातो.

मग 2020 आले आणि ‘कोणत्या वयात’ हा प्रश्न शासननिर्णयाच्या भाषेत विचारला गेला. जून महिन्यात महाराष्ट्र शासनाने पूर्वप्राथमिक ते दुसरीच्या मुलांसाठी ऑनलाइन वर्ग नकोत, असे ठरवले. तिसरी ते पाचवीला दिवसाला एक तास. जुलैत ते बदलले. पूर्वप्राथमिकसाठी अर्धा तास, पालकांशी संवाद म्हणून. पहिली-दुसरीला अर्ध्या तासाची दोन सत्रे, त्यांतला काही वेळ पालकांसाठी. महिन्याभरात मुले मोठी झाली नव्हती. बदलला होता तो भोवतालचा दाब: शहरी पालकांचा, शाळांचा, लांबत चाललेल्या टाळेबंदीचा. त्याआधीच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर बसण्याची मर्यादा एक तास सांगितली होती, आणि कमी तितके बरे, असेही म्हटले होते. तासांची ही गणिते उपयोगाची आहेत. पण पडद्यावर ‘अ’ गिरवणारे बोट आणि धुळीत गिरवणारे बोट यांत फरक काय, याचे उत्तर तासांत मिळत नाही. काचेवर चूक पुसली जाते, हे धुळीसारखेच. मात्र काच बोटाला काही सांगत नाही. ती सगळीकडे सारखीच गुळगुळीत. आणि पुष्कळदा मूल अक्षर काढतच नाही, नुसते निवडते.

आणखी एक उलथापालथ झाली. पंतोजींच्या शाळेत सर्वांत स्वस्त साधन धाकट्याला मिळे. आता धाकट्याला द्यायचे साधन घरातली सर्वांत महाग वस्तू होती. एक फोन असलेल्या घरात तो आधी कामावर जाणाऱ्या बापाकडे, मग दहावीच्या मुलाकडे, आणि उरलाच तर बालवाडीतल्या मुलीकडे. धूळ फुकट असूनही ओसरी सर्वांची नव्हती. इथे ओसरी सर्वांसाठी खुली झाल्याचे जाहीर झाले आणि धूळ विकत घ्यावी लागली.

त्याच वर्षी सोलापुरातल्या नीलमनगर भागातल्या एका मराठी शाळेच्या शिक्षकांनी वेगळी वाट काढली. तिथली पुष्कळ मुले कापड उद्योगात राबणाऱ्या कामगारांची. घरी फोन नाही, असला तर डेटा नाही. शिक्षकांनी वस्तीतल्या सुमारे 300 भिंतींवर धडे रंगवून घेतले. पहिलीच्या अक्षरांपासून दहावीच्या सूत्रांपर्यंत सगळे घरांच्या बाहेरच्या भिंतींवर, येताजाता दिसेल असे. मुले अंतर राखून उभी राहत, वहीत उतरवून घेत आणि पुढच्या घराकडे जात.